चाबूकवाल्यांची व्युत्पत्ती

३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद आणि एक शंका.

जीवशास्त्राच्या परिभाषा कोशात गाडी चाबूकवाल्या सूक्ष्म जीवांपाशी अडली आहे. फ्लॅजेलम, म्हणजे त्यांची पोहायची शेपटी, लॅटिनमध्ये छोटा चाबूक. आपण चाबकासाठी संस्कृत 'कशा' घेऊन 'कशाभिका' केलं, ते ठीक. मॅस्टिगोफोरा ग्रीक, अर्थ तोच, चाबूक बाळगणारे. पण डायनोफ्लॅजेलेट? डायनोसॉरचाच डायनो ना? मी 'भयंकर चाबूकवाले' असं ठोकून दिलंय. छपाईआधी कळव.

मी बरा आहे. तुझ्या आईची खोली आवरली. घर फार मोठं झालंय. एकट्यासाठी रोज चूल कोण पेटवणार, म्हणून दोन दिवसांचं एकदाच शिजवतो.

लोभ आहेच, तो कागदावरही उतरू दे.
बाबा

११ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

अहो बाबा, काय हे! आधी खोडा ते. डायनोसॉरमधला डायनो 'भयंकर' या अर्थाचा. हा वेगळा, ग्रीक 'डिनोस', म्हणजे गिरकी. यांचा एक चाबूक कमरेभोवतीच्या खाचेत असतो, त्यामुळे ते गिरक्या घेत पोहतात. कॉलेजात असताना तुम्हीच हे माझ्याकडून घोकून घेतलं होतंत. वय झालं हं तुमचं!

इथे पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी होतो. दुसरीची बदली झाली. आता दिवसभर सूक्ष्मदर्शक आणि मी. बाकी ठीक.

रागावू नका, शंका पाठवत राहा.
ठमी

२० फेब्रुवारी

चि. ठमीस,
आशीर्वाद.

खरं सांगून टाकतो. कोशाची समिती गेल्या वर्षीच गुंडाळली. काही छापलं जाणार नाही. डायनोचा अर्थ मला तोंडपाठ आहे, चूक मुद्दाम केली. आई गेल्यावर मी तुला खुशालीची चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. चुकीचा शब्द पाठवला, तर आठव्या दिवशी पाकीट हजर! मग म्हातारा सोकावला.

फसवलं, माफ कर. पण आता तू पुन्हा गप्प बसशील, याची फार भीती वाटते बघ.

जमलं तर दोन ओळी लिही.
बाबा

२७ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

समिती गुंडाळल्याचं पत्र मलाही आलं होतं. मदतनीस म्हणून माझं नाव होतं ना त्यांच्याकडे. मला वर्षभर माहीत होतं, तरी मी उत्तरं लिहीत राहिले. तुम्ही 'कशी आहेस' विचारलंत की रडू यायचं आणि कागद तसाच राहायचा. शब्दाबद्दल मात्र लिहिता यायचं.

शुक्रवारी येते, रजा टाकली आहे. आल्यावर आईबद्दल काय बोलायचं, मला माहीत नाही. काही सुचलं नाही, तर तिच्या खोलीत नुसते बसू.

तुमचीच,
ठमी