तिसरी डबीही बसली नाही

डहाणू रोड
१८ मे १९९२

प्रिय शैलेश,

अनेक आशीर्वाद. ख्यालीखुशाली मागून लिहीन, आधी डोक्याचा ताप उतरवते. तुझं तिसरं पार्सल गुरुवारी आलं आणि तिसरी डबीही मशीनला बसली नाही. या वेळी पोस्टमननेसुद्धा विचारलं, ‘बाई, परत तेच का?’ म्हणजे माझ्या शिलाईची काळजी आता पोस्ट खात्यालाही लागली.

तू तिला झिगझॅगची अटॅचमेंट म्हण, मी डबीच म्हणणार. पहिली फेब्रुवारीत आली. मशीनचा पाय काढून तिथे ती लावली, तर एका बाजूने वर उचललेली. तिचा चिमटा सुईच्या स्क्रूला धरायचा तो हवेतच. मी तुला कळवलं. तू बसल्या जागी ठरवलंस की उंचीचा घोटाळा असणार, आणि उंच पायाची दुसरी पाठवलीस. तिने पहिल्याच फेरीला सुई मोडली. आता ही तिसरी. बोहरी आळीतल्या दुकानदाराने म्हणे छातीवर हात ठेवून सांगितलं, की जुन्या काळ्या मशीनला ही बसलीच पाहिजे. वर नक्षीच्या चार चकत्या फुकट दिल्या. नक्षी घेऊन काय करू, आरतीच्या ताटात ठेवू? साधा झिगझॅग पडत नाही इथे!

बरं, इतकं सगळं करताना एकदाही तुला वाटलं नाही की आईकडून माप मागवावं. कारखान्यात तुमचं सूतभर चुकलं तर अख्खा माल परत येतो, हे तूच सांगतोस. आणि घरच्या मशीनचं काय, तर ‘माप नको आई, मला ती मशीन पाठ आहे.’ दहावीचा भूगोलही तुला पाठच होता. तुझ्या बाबांना विचारावं तर ते पेपरच्या आडून म्हणतात, सरळ नवी मशीन घ्या. जरा जास्त विचारलं की, मला यात ओढू नका. रेल्वेत तीस वर्षं सिग्नल दिले, घरात एक देतील तर शपथ.

मी एवढी चिडते आहे ते साड्यांच्या पिकोसाठी नाही. पिको करायला आशागडपर्यंतच्या बायका आता स्टेशनजवळच्या नव्या दुकानात जातात, जाऊ देत. प्रश्न तलासरीच्या आश्रमशाळेतल्या फ्रॉकचा आहे. गेली दोन वर्षं ते काम रूपीकडे आहे. मागच्या वर्षीचं कापड असं विरविरीत आलं, की दोन धुण्यांत आतल्या कडांचे दोरे सुटले आणि शिवणी उसवल्या. यंदा शाळेच्या बाईंनी बजावलं आहे, कडा झिगझॅग करून देणार असाल तर शिवा, नाहीतर तयार फ्रॉक वापीहून आणतो. शाळा १५ जूनला उघडते. नव्वद फ्रॉक. हे काम गेलं तर रूपीला परत भाताच्या लावणीला दुसऱ्याच्या शेतावर जावं लागेल. म्हणून आम्ही ठरवलं होतं, तिने तिकडे सरळ शिवायचं आणि झिगझॅग मी इकडे मारून द्यायचा.

रूपी तुला आठवत असेल. तू कॉलेजला गेलास त्या वर्षी ती माझ्याकडे यायला लागली. तलासरीच्या पुढच्या पाड्यावरून पहाटेची एस.टी. पकडून यायची आणि पायरीवर बसून बटणं लावायची. सहा महिन्यांत काज, वर्षात ब्लाउज. कापड कमी पडलं की मी गिऱ्हाइकाला शिव्या घालायचे. ती मात्र गुपचूप दोन तुकडे असे जोडायची की गिऱ्हाइकाला जोड सापडायचा नाही. तुझ्या आजीने एकदा तिचं काम पाहून चष्मा पुसला होता, आणि आजी कोणाचं कौतुक करायची नाही हे तुला ठाऊक आहे. मला मुलगी नाही याची खंत मी कधी बोलून दाखवली नाही. पण ती आठ वर्षं रोज सकाळी दार वाजायचं, तेव्हा मला बरं वाटायचं.

तर परवा शनिवारी माझा पेशन्स संपला. तिन्ही डब्या पिशवीत कोंबल्या आणि उन्हातान्हाची तलासरीला गेले. रूपीचा नवरा शुक्रा वीटभट्टीवर होता, मूल झोळीत. रूपीने मशीनचा पाय काढला आणि तुझी पहिली डबी लावली. बसली. चिमटा बरोबर सुईच्या स्क्रूवर. पायडल मारलं तर सुई आपली जागच्या जागी, आणि डबी कापडालाच डावीउजवीकडे नाचवते! कडेने असा सुरेख झिगझॅग पडला की रूपी हसत सुटली. तिसरीही बसली. उंच पायाची तेवढी बसली नाही, आणि ती तू पाठवलीस माझ्या तक्रारीमुळे. शैलेश, तू पहिल्याच वेळी अगदी बरोबर निवडली होतीस. चुकलं होतं ते माझं.

रूपीकडे आहे ती आजीची मशीन आहे. तिला मूल झालं, रोजची एस.टी. जमेना, ती पाड्यावर हातशिलाई करत बसली होती. मला पाहवलं नाही. नव्वदच्या पावसाळ्याआधी चिमणच्या टेम्पोत घालून मी ती तिला देऊन टाकली. उसनी नव्हे, दिली. माझ्यापुरती घोलवडच्या एका इराणी बाईंची घेतली. त्या मुलाकडे परदेशी चालल्या होत्या. हीसुद्धा काळीच, पण हिची सुई पुढे आपल्याकडे झुकलेली आहे आणि पायाचा दांडाही तसाच तिरका. तुझ्या सरळ डब्या हिला बसणार कशा? तुला सांगणार होते. पण आजी गेली त्या दिवशी तू तिच्या मशीनवर हात ठेवून म्हणाला होतास, ही माझी. नंतर दरवेळी फोनवर विचारायचास, माझी मशीन कशी आहे. मी म्हणायचे, चालू आहे. ते खोटं नव्हतं. तू माप मागितलं नाहीस म्हणून मी चिडते खरी, पण तू मागशील या धास्तीने मला झोप यायची नाही. आणि आता आलंच आहे तोंडाशी तर ऐक. त्यानंतर दोन दिवाळ्या तू घरी आलास. त्या इराणी बाईंच्या मशीनला टेकून चहा प्यायलास, आणि एकदाही कव्हर उचललं नाहीस.

हे सगळं अजून वर्षभर लपवलं असतं. पण शनिवारी रूपीने विचारलं, डब्या कोणी पाठवल्या. मी सांगितलं, शैलेशने, आजीच्या मशीनसाठी. तिचा चेहराच उतरला. ‘म्हंजे दादाला ठावूकच नाय? बाई, दादाची वस्तू मी ठेवणार नाय.’ मी रागावले, हात जोडले, ऐकेना. ३१ तारखेच्या रविवारी चिमणचा टेम्पो मोकळा आहे, त्यात घालून पाठवते म्हणाली. निम्मे फ्रॉक अजून कापायचे आहेत. माझ्या शब्दाला तिच्यालेखी आता किंमत नाही, कारण मशीन माझी नव्हतीच. म्हणून हे पत्र. सोबत तिचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड ठेवलं आहे. मशीन तिची आहे, एवढंच लिही, तुझ्या हाताने आणि मोठ्या अक्षरात, ती सावकाश वाचते. आजच पेटीत टाक. तुला माझा राग आला असेल, यायलाच हवा. पण तो त्या कार्डावर एका शब्दानेही दिसू देऊ नकोस. तो मला वेगळ्या पाकिटात पाठव.

तुझीच,
आई