तीन लाल रेघा आणि एक तास

रेजिना, कॅनडा
सोमवार, दि. १७ मार्च २०२५

श्री. सुधाकरराव यांस,
दीनानाथाचा सप्रेम नमस्कार.

आपले दि. २ फेब्रुवारीचे पत्र पोचले. आपला रक्तदाब आटोक्यात आहे आणि सौ. मंदाकिनीवहिनी काठी न घेता जिना उतरू लागल्या आहेत, हे वाचून समाधान वाटले. येथे आम्ही सर्व कुशल आहोत. हवा उणे बारा आहे (येथील लोक तिला वसंताची चाहूल म्हणतात, मी वाद घालणे सोडले आहे). चि. जयदीपची नोकरी व्यवस्थित चालू आहे. नातू राजस मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतो, परंतु उत्तर बरोबर असते, म्हणून मी गुण कापत नाही.

मी डिसेंबरात येथे आल्यापासून घरात माझा सल्ला केवळ कुकरच्या शिट्ट्यांबाबत घेतला जात होता. ते पाहून सून चि. सौ. चित्रा हिने मला एका त्रैमासिकाच्या संपादकपदी बसवले. कॅनडात विखुरलेली मराठी मंडळी ते चालवतात आणि ते कागदावर न निघता संगणकावर निघते. त्याचे नाव 'मेपल-मोहोर' आहे (नामकरण माझ्या नेमणुकीपूर्वी झालेले असल्याने त्याची जबाबदारी माझ्याकडे नाही). गुढीपाडव्याचा विशेषांक काढणे हे माझे पहिले काम. माझ्या हाताखाली तीन जण आले, आणि तिघांपैकी एकालाही मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेले नाही. श्री. ईश्वर हे मूळचे नागपूरचे, व्हँकुव्हरला संगणकाच्या कंपनीत आहेत. कु. ऊर्मी तेथेच राहते. तिचा जन्म इकडचा, त्यामुळे ती मराठी रोमन लिपीत लिहिते. तिसरी कु. गौरांगी, जळगावची, लंडनला शिकते (हे लंडन कॅनडातले, आपण भूगोलाचे शिक्षक असल्याने आपल्याला सांगावे लागू नये, परंतु जयदीपने सांगेपर्यंत मीच चकलो होतो). शिक्षण सांभाळून ती वृद्धाश्रमात काम करते. अंकाची पाने तीच लावते, आणि ती कशी लावतात हे आमच्यापैकी दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही.

चित्रा स्वतः तिच्या कार्यालयात पाच देशांतली माणसे घरबसल्या हाताळते. त्यासाठी तिला एक प्रशिक्षण घ्यावे लागले, ते तिने जेवणाच्या टेबलावर बसून घेतले आणि मी शेजारी शेंगा सोलत ऐकले. दूरच्या माणसांचे नेतृत्व करताना प्रामाणिकपणा, सहानुभूती आणि चिवटपणा हवा, असा त्याचा सारांश होता. पहिला आणि तिसरा गुण माझ्यात उपजत असल्याने मी दुसऱ्याची तरतूद केली. बैठकीच्या विषयपत्रिकेत 'विषय क्र. २ : सहानुभूती (पाच मिनिटे)' असे घातले. मी प्रत्येकाला प्रकृती विचारत असे आणि इतिवृत्तात नोंद घेत असे: 'ईश्वर बरे आहेत. ऊर्मी बरी आहे. गौरांगी बरी आहे. सहानुभूती संपली.' बहुतेक वेळा हे काम दीड मिनिटात उरकत असे आणि उरलेला वेळ जोडाक्षरांकडे वळवता येई.

हजेरीसाठी मी मुख्याध्यापक असतानाची आपल्या शाळेचीच पद्धत ठेवली. मस्टर आखले. उशीर झाल्यास लाल रेघ. तीन रेघांना शाळेत आपण एक किरकोळ रजा कापत असू, येथे कापण्यासारखे काही नसल्याने सदस्यत्व रद्द, असा नियम केला. वेळेबाबत गोंधळ नको म्हणून जानेवारीतच परिपत्रक काढून नेमणूकपत्रासोबत प्रत्येकाला टपालाने पाठवले: दर रविवारी सकाळी, व्हँकुव्हर सात, रेजिना नऊ, लंडन दहा. पंधरा अंशांना एक तास हा आपण सव्वीस वर्षे शिकवलेला हिशेब मला पाठ होता. गौरांगीला पहिली रेघ चार मिनिटे उशिरा आल्याबद्दल मिळाली, दुसरी मधूनच उठून गेल्याबद्दल.

आता मूळ घटनेकडे येतो. गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी, म्हणजे दि. ९ रोजी, मी नऊ वाजता संगणकावर बैठक उघडली. कोणीही नव्हते. पंधरा मिनिटे वाट पाहिली, तिघांच्या नावांपुढे रेघा ओढल्या आणि तिघांना मिळून एक कडक पत्र ईमेलने पाठवले. त्यात गौरांगीचे सदस्यत्व नियमानुसार संपुष्टात आल्याचे कळवले. जयदीप आणि चित्रा ग्रोसरीला गेले होते. साडेनऊच्या सुमारास बेसमेंटमधून राजस वर आला आणि म्हणाला, "आजोबा, देअर इज अ पोलीस ऑफिसर. ही वाँट्स टु नो इफ यू आर अलाइव्ह."

पोलीस अधिकारी तरुण, उंच आणि अतिशय सभ्य होता. त्याने दारातच बूट काढले, हे मी मुद्दाम नमूद करतो. त्याने मला नाव, वार आणि छातीत दुखते काय, असे विचारले. मी सर्व उत्तरे पूर्ण वाक्यांत दिली आणि माझी प्रकृती ठणठणीत असून गैरहजर इतर तिघे आहेत, असे स्पष्ट केले. तेव्हा त्याने वहीत पाहून सांगितले की लंडनहून एका मुलीचा फोन आला होता. तिचे काका एकटे असतात (मी मुलाच्या घरी राहतो हे मी तिघांना कधी सांगितले नव्हते), बैठकीला कधीही चुकत नाहीत, आणि आज ते आले नाहीत.

सुधाकरराव, त्या दिवशी पहाटे या देशाने घड्याळे एक तास पुढे सरकवली होती. दर मार्चला सरकवतात. रेजिना ज्या प्रांतात आहे तो प्रांत मात्र हा उद्योग करत नाही (एवढ्यापुरता मला तो आदरणीय वाटतो). त्यामुळे लंडनचे दहा आणि व्हँकुव्हरचे सात वाजले, तेव्हा रेजिनात आठच वाजले होते आणि मी पूजेला बसलो होतो. तिघेही माझ्या परिपत्रकाप्रमाणे मिनिटाला हजर झाले, बंद बैठकीच्या दाराशी पस्तीस मिनिटे थांबले, आणि मला त्यांनी अकरा वेळा फोन केला. फोन निजायच्या खोलीत होता. वृद्ध माणूस ठरल्या वेळी दिसला नाही तर तर्क करत बसू नये, जाऊन पाहावे किंवा पाहायला लावावे, असे गौरांगीला आश्रमात शिकवतात. माझा पत्ता नेमणूकपत्रावर शीर्षस्थानी होताच. पोलिसांना फोन करून झाल्यावर तिला माझे पत्र मिळाले.

तिने उत्तरात दोनच वाक्ये लिहिली. "काका, तुम्ही सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. पानांची फाईल ईश्वरदादांना पाठवते." ईश्वर यांनी फोन केला. म्हणाले, "सर, ते पोरगी तिकडे रडत होती न, अन् तुमी इकडे रेघा ओढून राहिले. फाईल घेऊन मी काय करू? मला थोडीच येते लावता." ऊर्मीने, ती येत नसेल तर मीही येत नाही, असे रोमन लिपीत कळवले. पाडव्याला एकवीस दिवस उरले होते आणि 'मेपल-मोहोर'मध्ये संपादक तेवढा उरला होता.

रात्रीच्या जेवणाला मी प्रकरण चित्रापुढे ठेवले.

"बाबा, ते व्हॉलंटियर्स आहेत. त्यांना सॉरी म्हणा," ती म्हणाली.

"कोणत्या विषयाखाली?"

"विषय क्रमांक दोन," जयदीप ताटातून मान वर न करता म्हणाला.

त्या रात्री मी जुनी इतिवृत्ते काढून बसलो. माझ्या कच्च्या टिपणांत गौरांगीच्या नावापुढे 'बरी आहे, कामाच्या मधल्या सुटीत आले आहे, वीस मिनिटेच आहेत' असे तीनदा होते. अंतिम प्रतीत पहिले दोन शब्द ठेवून उरलेला मजकूर मी विषयबाह्य म्हणून वगळला होता. ईश्वर यांचे 'बराच म्हणायचा' मी 'बरे आहेत' असे शुद्ध केले होते.

माफीपत्राचा नमुना मला येत नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी ज्ञापने काढली, ताकीद दिली, चौकशी केली. माफी लिहिण्याचा प्रसंग आला नाही, किंवा आला तो मी ओळखला नाही. शेवटी येणाऱ्या नमुन्यावरच भिस्त ठेवली. मी स्वतःला 'कारणे दाखवा' नोटीस बजावली. तीन दिवसांची मुदत दिली. दुसऱ्या दिवशी खुलासा सादर केला. तो वाचून असमाधानकारक ठरवला, कारण त्यात घड्याळाला दोष दिला होता आणि संबंधिताने सहकाऱ्यांची विचारपूस न करता आधी रेघा का ओढल्या याचे उत्तर नव्हते. दि. ९ च्या तिन्ही रेघा, आणि गौरांगीच्या आधीच्या दोन, सहीनिशी रद्द केल्या. माझ्या नावापुढे एक ओढली. सर्व कागदांच्या प्रती तिघांना पाठवल्या आणि खाली हाताने लिहिले: 'मी चुकलो. रविवारी तुमच्या घड्याळाने थांबतो.'

काल मी पूजा उरकून साडेसातलाच बसलो. आठाला ईश्वर आले, मग ऊर्मी, आणि चार मिनिटांनी गौरांगी, आश्रमाच्या जेवणघराच्या कोपऱ्यातून. मस्टर मी मिटून ठेवले होते. विषय क्र. २ वीस मिनिटे चालला, कारण तिची सुटी तेवढीच असते. ईश्वर यांची नोकरी जानेवारीतच गेली आहे. ऊर्मी प्रत्येक अंक नाशिकच्या आजीला वाचून दाखवते, म्हणून तिला तो वेळेवर हवा असतो. पहिल्या रेघेच्या त्या चार मिनिटांत गौरांगी एका आजींना भरवत होती आणि त्या तिचा हात सोडत नव्हत्या. कालच्या चार मिनिटांत कोण होते, असे विचारल्यावर म्हणाली, "त्याच." उठताना ती म्हणाली, "पानं बुधवारपर्यंत लावते. आणि काका, तुमच्या आता दोनच रेघा उरल्यात हं." इतर कोणताही विषय झाला नाही. तशी इतिवृत्तात नोंद आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आपणही प्रकृतीस जपावे.

आपला,
दीनानाथ

ता. क. १ : पाडव्याच्या अंकासाठी घड्याळे व रेखावृत्ते यांवर आपला दोन पानी लेख हवा आहे. बुधवार ही अंतिम तारीख आहे. हे पत्र आपल्याला बुधवारनंतरच मिळेल याची मला कल्पना आहे. म्हणून जयदीप ते छायाचित्र काढून आपली नात साक्षी हिच्या फोनवरही पाठवत आहे.

ता. क. २ : लेख जमला नाही तरी चालेल. पत्र लिहिण्याचे कारण निराळे आहे. जुलै १९९१ मध्ये एकाच पंधरवड्यात मी आपल्या नावापुढे तीन लाल रेघा ओढल्या आणि एक किरकोळ रजा कापली. सव्वीस वर्षांत आपल्याला मिळालेल्या रेघा एवढ्याच. तिसऱ्या रेघेच्या दिवशी आपण माझ्या टेबलापाशी येऊन काही सांगू लागला होता आणि मी कारण लेखी देण्यास सांगितले. आपण दिले नाही आणि मी विचारले नाही. ते काय होते? मुदत नाही. तोंडी सांगितले तरी चालेल. फोन आता माझ्या खिशात असतो.

ता. क. ३ : आपले मागील पत्र या वेळी दुरुस्त करून परत पाठवलेले नाही. सातच चुका होत्या.