डाव, घाव आणि व्याही

रविवार, ३ मार्च
आज व्याह्यांनी माझा अपमान केला. चहा देऊन केला, हसत केला, 'साहेब साहेब' म्हणत केला. म्हणून जास्त झोंबला.

जावयाने त्यांच्या टीव्हीवर 'डाव आणि घाव' नावाचा व्हिडिओ गेम आणलाय. आधी टेबलावर पत्ते वाटले जातात. आपण पान खेळलं की त्यावरचं चित्र उठून मैदानात उतरतं, आणि मग बटणं दाबून त्याच्याकडून मारामारी करवून घ्यायची. अर्धं काम डोक्याचं, अर्धं हमालीचं. पत्त्यांत मी कोण आहे ते आमच्या लॅबमध्ये विचारा. जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर डाव मांडायचा म्हटलं की लोकांना अचानक कामं आठवतात.

आठ डाव झाले. आठही व्याह्यांनी घेतले. वर म्हणाले, तुमचे हात कवळ्या घासायलाच बरे, साहेब. बावीस वर्षं मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतोय, हे त्यांना आजच आठवलं. स्वतः जन्मभर टायपिंगचा क्लास चालवला. बोटं तेवढी चालतात. यावर मुलगी हसली. माझी मुलगी, त्यांची सून. सातवा महिना आहे म्हणून गप्प बसलो.

निघताना मात्र दारातच जाहीर केलं. बाळाचं नाव कोणी ठेवायचं ते या खेळावर ठरेल. फायनल एप्रिलच्या शेवटच्या रविवारी. मुलगी म्हणाली चालेल, आम्हा दोघांचं तसंही एकमत होत नाहीये. व्याही म्हणाले, जशी आपली इच्छा.

याला म्हणतात माज. उतरवतो.

सोमवार, ४ मार्च
जावयाने आमच्या कॉम्प्युटरवरही गेम घालून दिला. आता आपापल्या घरून खेळता येईल. भाषा विचारली, मी मराठी निवडली. व्याही इंग्रजीत खेळतात.

प्रत्येक पानाखाली दोन बटणं. 'पाठवा' आणि 'टाका'. जावई समजावून सांगू का म्हणाला. मी फोन ठेवला. पान टाकतात, हे मला शिकवणार? पाठवतात ते पार्सल. 'पाठवा' दाबलं तर पान बहुतेक समोरच्याला जातं. माझी पानं व्याह्यांना पाठवायला मी काही खुळा नाही.

संकल्प: रोज सकाळी सहा ते सात सराव.

मंगळवार, ५ मार्च
उठायला पावणेआठ. पहिला दिवस धरत नाहीत.

शुक्रवार, ८ मार्च
महत्त्वाचा शोध. मी राजा टाकला की मैदानात शिपाई येतो. दोन डोक्यांचा बैल टाकला, शिपाई. वाघीण टाकली, शिपाई. तोच किडकिडीत, हातात मोडका भाला.

बायको म्हणाली काहीतरी चुकतंय. हिला पत्त्यांतलं काय कळतं. हे वेशांतर आहे. राजा शिपायाच्या वेशात उतरतो, शत्रू गाफील राहतो. वेश उतरवायचं बटण तेवढं अजून सापडलेलं नाही. सापडलं की व्याह्यांचं काही खरं नाही.

रविवार, १० मार्च
व्याह्यांशी सराव सामना. ०–५.

गाफील राहिले नाहीत. नंतर फोन करून म्हणाले, शिपायावर फार विसंबता, साहेब. म्हणजे वेशांतर ओळखता आलेलं नाही. आतून समाधान वाटलं.

बुधवार, १३ मार्च
व्याह्यांचा विचार करत करत एका कवळीत दाढ जास्त बसवली. डॉक्टरांनी परत पाठवली. पेशंटला तोंड मिटता येत नाही म्हणे. हाही हिशेब व्याह्यांशीच चुकता करायचा आहे.

शनिवार, २३ मार्च
माझा पत्त्यांचा कॅट चाळीस पानांचा होता. आता अकरा उरलीत. खेळ आपोआप निवड करतोय. फालतू पानं गळतात, कसलेली राहतात. उरलेली अकरा पाहिली. भिश्ती, आचारी, म्हातारा पहारेकरी. दिसायला साधी माणसं. अशीच माणसं घात करतात.

व्याह्यांना स्वप्नात पाहिलं. टाइपरायटरसमोर बसून माफीनामा टाइप करत होते. स्पेलिंगच्या चुका होत्या.

रविवार, ३१ मार्च
आजचा दिवस लिहू नये असं वाटत होतं. पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.

मुलगी आणि जावई आले होते. जावयाने सहज स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, बाबा, तुमच्याकडे चारच पानं कशी? मग बराच वेळ तो स्वतःच्या मोज्यांकडे बघत राहिला. मग हळू आवाजात सांगितलं. 'पाठवा' म्हणजे मैदानात पाठवा. 'टाका' म्हणजे टाकून द्या. कायमचं. आणि वेळेत कोणालाच पाठवलं नाही, तर गेमला दया येऊन तो एक शिपाई देतो.

म्हणजे चार आठवडे मी राजे, राण्या, बैल, वाघिणी माझ्या हाताने कचऱ्यात टाकत होतो.

मुलीला हसू आवरेना. डॉक्टरांनी जपायला सांगितलंय, तरी हसली. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. तिथूनही आवाज येत होता.

चूक माझी नाही. मराठी माणूस पान टाकतो म्हणजे खेळतो. माझे आजोबा टाकायचे, वडील टाकायचे. ज्याने हे भाषांतर केलं तो आयुष्यात पत्ते खेळलेला नाही. बहुतेक टायपिंग शिकलेला असणार. आणि कोणाच्या क्लासमध्ये, ते मी शोधून काढणार आहे.

जावयाने नवा कॅट दिला. हे घरात सांगू नकोस म्हणालो. हो म्हणाला.

संध्याकाळी व्याह्यांचा फोन. टाकाऊ पानं काही उरलीत का, साहेब, म्हणून.

रविवार, ७ एप्रिल
आज पहिल्यांदा राजा मैदानात आला. काय रुबाब. सरळ चालत गेला आणि खड्ड्यात पडला. बटणं फार जवळजवळ आहेत. ०–५, पण राजासारखा हरलो.

रविवार, १४ एप्रिल
०–४. पाचवा डाव व्याह्यांनी अर्धवट सोडला, औषधाची वेळ झाली म्हणून. तो मी जिंकल्यात धरतो. म्हणजे १–४. घोडदौड सुरू झाली.

रविवार, २८ एप्रिल, सायंकाळी साडेपाच
जिंकलो.

सविस्तर. फायनल व्याह्यांच्या घरी, एकच डाव. मुलीला सकाळी तपासणीला नेलं होतं, डॉक्टरांनी तिथेच ठेवून घेतलं. जावई तिच्याजवळ. व्याही म्हणाले, सामना पुढे ढकलू या का? मी म्हटलं, घाबरलात? मग बसले.

माझा राजा, त्यांची वाघीण. पाच मिनिटांत राजाचा जीव केसाएवढा उरला. तेवढ्यात जावयाचा फोन आला. कळा सुरू झाल्या. व्याह्यांनी हातातलं यंत्र सोफ्यावर टाकलं. चला चला म्हणत एकाच पायात चप्पल घालून जिना उतरले. मागोमाग विहीणबाई आणि माझी बायको.

वाघीण मैदानात उभी होती. हलत नव्हती.

मी मारलं. सतरा वार लागले. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही तिने. मग पडद्यावर फुलं पडली आणि 'विजय' असं आलं. मोबाइलवर फोटो काढून घेतला. घरात टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. टीव्ही बंद केला, दार ओढून घेतलं आणि मागून हॉस्पिटलला निघालो.

फोन आला तर डाव थांबवायचा, असं नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या बसल्या मोबाइलवर बघितलं.

सोमवार, २९ एप्रिल
काल सहाच्या सुमारास मुलगा झाला. दोघं ठीक आहेत. सगळे आनंदात होते, म्हणून आजवर थांबलो.

सकाळी सगळे खोलीत असताना फोटो दाखवला. वाटलं होतं व्याही वाद घालतील. उत्तरं तयार होती. त्यांनी हात जोडले. म्हणाले, अभिनंदन साहेब, ठरलं म्हणजे ठरलं. एवढ्या दिवसांचा सूड, आणि समोरचा माणूस असा वागतो.

मुलीने बाळ माझ्या हातात दिलं. म्हणाली, बाबा, सांगा. काय नाव ठेवायचं?

नाव.

दोन महिन्यांत मी नावाचा विचारच केला नव्हता. एकदाही नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. डोक्यात शोधलं तर एकच नाव होतं. सकाळी उठल्यावर पहिलं तेच यायचं, बटण दाबताना तेच, दात घासायला घेतले की तेच. पटकन तोंडातून तेच गेलं.

व्याह्यांचं.

व्याही खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. म्हणाले, साहेब, मी खरंच हरलो. मुलगी रडायला लागली. म्हणाली, बाबा, तुमचं मन इतकं मोठं असेल असं कधी वाटलं नव्हतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोवर नर्सने पाळण्याच्या कार्डावर ठळक अक्षरात लिहूनही टाकलं.

बायको तेवढी माझ्याकडे निरखून बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, खरं सांगा. मी म्हटलं, विचारपूर्वक ठेवलंय.

दुपारी घरी कोणी नसताना आरशासमोर उभा राहिलो. आता जन्मभर हाक मारायची आहे, म्हणून ते नाव लाडाने म्हणून पाहिलं. चार वेळा म्हटलं. चारही वेळा दात आवळले गेले.