पाच टुमदार हॉटेलं आणि सामानाची व्हॅन

३ सप्टेंबर, सकाळी
निर्णय पक्का. पाच दिवस, पाच टप्पे, रोज चौदा-पंधरा किलोमीटर पायी. रोज नवं छोटं, टुमदार हॉटेल. मोठ्या हॉटेलात माणूस रूम नंबर असतो, छोट्या हॉटेलात पाहुणा असतो. (वाक्य झकास जमलंय. चारचौघांत वापरावं.) सामान रोज एक व्हॅन पुढच्या हॉटेलात पोचवते. आपण हात हलवत चालायचं.
एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. रस्ता चुकायचा प्रश्नच नाही.
काळजी एकच, हिचे गुडघे. तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात उभी राहिली. गुडघ्यांचा भुगा झाला असणार. हिला झेपतील एवढेच टप्पे ठेवलेत. हिला सांगितलं, तर म्हणाली, तुम्ही दूध आणायलासुद्धा स्कूटर काढता. दुर्लक्ष केलं.

५ सप्टेंबर
नवे बूट घालून घरात सराव. खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारून गेले, फर्निचर हलवताय का? सराव बंद. फिटनेस मुळात मनात असतो.

११ सप्टेंबर, दुपारी ३. हॉटेल पहिलं
पहिला टप्पा फत्ते. म्हणजे तसा फत्तेच.
चौथ्या किलोमीटरला थांबलो. दम वगैरे लागला नव्हता, खडक अभ्यासण्यासारखे होते. हिला म्हटलं, तू हो पुढे. ही झाली. मागे वळूनही न बघता झाली. गुडघ्यांनी अजून धोका दिलेला नाही, पण देतील.
तेवढ्यात सामानाची व्हॅन आली. व्हॅनवाला जाडजूड, दिलदार, बोलघेवडा. म्हणाला, सर, बसताय? सामान नीट ठेवलंय का ते बघणं माझी जबाबदारी, म्हणून बसलो. हॉटेलमागे लाकडं रचली होती, त्यांच्या आडोशाला तीन तास काढले. बुटांना थोडा चिखल लावला आणि धापा टाकत आत शिरलो. हिने माझ्यासाठी सूप झाकून ठेवलं होतं. जरा कसंसंच झालं. सूप मात्र उत्तम.
खोली माळ्यावर, छत उतरतं. डोकं तीनदा आपटलं. मालकीणबाई म्हणाल्या, बाकीचे पाहुणे दोनदाच आपटतात.

१२ सप्टेंबर, सकाळी ७
आजपासून प्रामाणिकपणे चालणार. व्हॅनकडे बघणारसुद्धा नाही.

१२ सप्टेंबर, संध्याकाळी ५. हॉटेल दुसरं
व्हॅनवाल्याने स्वतःहून थांबवली. नाही म्हटलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं.
हे हॉटेल म्हणजे जुनी पाणचक्की, खोलीखालून ओढा वाहतो. सगळे म्हणतात, काय तो पाण्याचा आवाज! माझ्या वयाच्या माणसाला तो आवाज वेगळीच आठवण करून देतो. आल्यापासून सहा वेळा जाऊन आलो.
ही चौदा किलोमीटर चालून आली आणि पुन्हा ओढ्याकाठी फिरायला गेली. एवढं अति करू नये, असं मी हिला पलंगावरून सांगितलं.

१३ सप्टेंबर. हॉटेल तिसरं
बालंबाल वाचलो.
वळणावर व्हॅनवाला एकदम ओरडला, सर, ताई! समोर ही चाललेली, हातात काठी, तोंडाने गाणं. मी सीटखाली. अंगावर आमचीच मोठी बॅग ओढून घेतली. हा भला माणूस व्हॅन थांबवून हिच्याशी गप्पा मारत बसला. दमलात का, विचारलं. ही म्हणाली, छे, मजा येतेय. आणि साहेब? ही म्हणाली, असतील मागेपुढे कुठेतरी, त्यांना डिस्टर्ब नको करायला. त्याच क्षणी मला शिंक आली. मग ही म्हणाली, सामानाला सर्दी झालेली दिसते, खिडकी लावून घ्या.
तिला काही कळलं नाही. नशीब!
हॉटेल दोन बहिणींचं. अकरा वर्षं एकमेकींशी अबोला. धाकटी आम्हाला म्हणते, तिला सांगा मीठ संपलंय. थोरली म्हणते, तिला सांगा मला दिसतंय. एका छपराखाली राहून माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत, हे बघून फार वाईट वाटलं.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी. हॉटेल चौथं
ही पूर्वी शाळा होती. आमची खोली म्हणजे चौथी ब. पलंगामागे फळा, जेवायच्या हॉलमध्ये भिंतभर नकाशा. वाटलं, आपल्या राज्यात आलो. पाहुण्यांना कळलं मी भूगोलाचा मास्तर. म्हणाले, सर, आजची वाट दाखवा ना. खडू हातात आल्यावर मला राहवत नाही. झोकात रेघ ओढली.
एक उंच, किडकिडीत इंजिनियर म्हणाला, हा तर गाड्यांचा रस्ता आहे, पायवाट तळ्याकडून जाते.
सगळे माझ्या हातातल्या खडूकडे बघायला लागले. तेव्हा ही म्हणाली, यांनी सामानाची वाट काढलीय. सगळे हसले. मीही हसलो. योगायोगाने वाचलो.

नंतर
योगायोग नव्हता.
खोलीत आल्यावर ही पायांना तेल लावत बसली. म्हणाली, आज तळ्यावर दोनशे तरी पांढरे पक्षी होते, सगळे एकदम उडाले. बघा बघा म्हणून मागे वळले, तर दाखवायला कोणी नव्हतं.
रागावली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

१५ सप्टेंबर, पहाटे ५.४०
आज चालणार. पूर्ण टप्पा. ही उठायच्या आत निघतो. चिठ्ठी ठेवत नाही. सरप्राइज.

१५ सप्टेंबर, संध्याकाळी ७. हॉटेल पाचवं
तपशील नंतर. पाय हलत नाही.

तपशील
दोन तास दणादण चाललो आणि एका पुलावर आलो. ओळखीचा वाटला. ओळखीचाच होता, सकाळी यावरूनच निघालो होतो. बागेत काम करणाऱ्या एका बाईंना विचारलं. म्हणाल्या, तुम्ही आलात तिकडेच परत चाललाय. नकाशात पूल चुकीचा छापला असावा. निदान आधी तसं वाटलं. मग नकाशा फिरवून धरला.
नवव्या किलोमीटरला टाच गेली. अकराव्याला रस्त्यात बसलो. व्हॅन पायवाटेवर येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. उठलो. दुसरा इलाजच नव्हता.
साडेपाचला हॉटेलच्या फाटकाशी पोचलो. बाकावर ही. शेजारी व्हॅन. व्हॅनवाल्याचा चेहरा उतरलेला.
झालं होतं असं. हिने आज पहिल्यांदाच चालणं सोडलं होतं. शेवटचा दिवस आहे, माझ्या शेजारी बसून जाऊ म्हणाली. व्हॅनचं दार उघडलं, तर सीट रिकामी. दोन तास माझी वाट पाहिली, मग एकटीच व्हॅनमधून आली. दुपारपासून व्हॅनवाल्याने गाड्यांच्या रस्त्यावर तीन चकरा मारल्या. चहाची दुकानंसुद्धा धुंडाळली. मी पायवाटेवर असेन, ही शंका कोणालाच आली नाही.
म्हटलं, मी चाललो. सगळं चाललो.
हिने खाली बसून माझा बूट काढला, मोजा हळूच सोडवला. टाचेवरचा फोड वॉर्डात बघायची तसा बघितला. अंगठ्याने दाबला. मी किंचाळलो. म्हणाली, खरा आहे.
मग हसली. मग डोळे पुसले. सकाळपासून धीराने बसली होती, असं व्हॅनवाल्याने मागाहून सांगितलं.
हिने विचारलं, वाटेत काय पाहिलंत? आठवून आठवून सांगितलं. एक मेंढी. पूल, दोनदा. बाकी सगळा वेळ बूटच बघत होतो. ते सगळं हिने मन लावून ऐकलं.

१७ सप्टेंबर. घरी
गेटवरच सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. म्हणाले, काय सर, झाली का पदयात्रा? सगळं चाललात?
मी तोंड उघडलं. त्याआधी ही म्हणाली, हो ना, दोघांनी मिळून पाचही टप्पे पूर्ण केले.
वाक्य मनात दोनदा तपासलं. चार अधिक एक. चूक सापडत नाही.
सेक्रेटरी म्हणाले, कमाल आहे सर, या वयात! मी मान हलवली.
लिफ्टने वर आलो. ही जिन्याने. पोचलो तेव्हा दार उघडं होतं आणि चहा ठेवलेला होता.