दीडशे आकडी संख्या आणि माझा एक ‘हो’

मिरकाब, कुवेत
नोव्हेंबर २००२

प्रिय ज्ञानू,

गेल्या शुक्रवारच्या फोनचं कार्ड तसं स्वस्तातलं होतं. पण त्यावर मी जो एक ‘हो’ म्हणालो, तो तुझ्या दोन वर्षांच्या मेहनतीएवढा महाग पडलाय. काल जयराम सुट्टी संपवून गुहागरहून परत आला. तुझ्या आईने दिलेली कुळथाची पिठी माझ्या हातात ठेवता ठेवता म्हणाला, “काका, ज्ञानदा पीएचडी सोडतेय, बँकेत कॉम्प्युटरच्या नोकरीला लागतेय. तुम्हीच हो म्हणालात म्हणे!” तर तो ‘हो’ मी परत घेतोय. महिनाअखेरीला नाव काढून घेणार आहेस असं कळलं. थांब. आधी हे वाच.

आईला म्हणालीस, दोन वर्षं त्या दीडशे आकडी संख्येमागे लागले, हात रिकामेच. रिकामे कसे? मे महिन्यात इथे आली होतीस, तेव्हा गच्चीवर पापड वाळत घालताना तूच मला समजावलंस. ही संख्या संयुक्त आहे, म्हणजे तिच्याहून लहान दोन संख्यांचा गुणाकार आहे, हे नक्की. त्या दोन कोणत्या, ते जगात कुणालाच माहीत नाही. मी हसलो. न सापडताच नक्की कसं? तर म्हणालीस, मूळ संख्या असती तर एका ठरावीक गुणाकाराला तिने भागल्यावर बाकी बरोबर १ उरली असती. उरली भलतीच. “चोरी पकडलीय बाबा, साथीदार सापडायचेत.”

अगं, हे तर माझंच काम! हेल्पर म्हणून आलो तेव्हा माझ्याजवळ एक पाना होता आणि हे दोन कान. कंप्रेसरजवळ उभं राहून डोळे मिटले की आत बिघाड आहे की नाही, ते मी सांगतो. पार्ट कुठला, ते खोलल्यावर कळतं. मीना अल-अहमदी रिफायनरीतले इंजिनिअरसुद्धा मशीन खोलायच्या आधी मला बोलावतात. माझ्यासारखा कान अख्ख्या कुवेतमध्ये नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. पार्ट सापडला नाही म्हणून मी बिघाड ऐकलाच नाही, असं आजवर कुणी म्हणालेलं नाही. मग तुझं काम वाया कसं?

आणि इथली गंमत ऐक. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या अकबरला मी तुझ्या संख्येबद्दल सांगितलं, तर विचारतो, “सिव्हिल आयडी से भी बड़ा नंबर?” म्हटलं, आयडीचे आकडे बारा, तुझ्या दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या आयडी शेजारी शेजारी लिही, मग बघू. आता शेजारच्या दुकानातला राजनही रोज सकाळी शटर उघडताना ओरडतो, “तुलसीभाई, बेटी का नंबर कटा क्या?” मी म्हणतो, नहीं कटा, और आसानी से कटेगा भी नहीं! छोट्या आकड्यांना ती संख्या दाद देत नाही, एवढं तर माझ्या पोरीने तपासून ठेवलंय. हे सांगताना माझी मान किती ताठ असते, ते तू बघायला हवंस. आपल्या घराण्यात पाढ्यांच्या पुढे कुणी गेलं नव्हतं गं.

हे पत्र माझ्या खोलीतल्या प्रभाकरच्या हाती देतोय. तो परवाच्या विमानाने पुण्याला येतोय, थेट तुझ्या हॉस्टेलवर आणून देईल. फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. हल्ली फोनवर तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. कार्ड संपेल म्हणून भराभर ‘हो हो’ म्हणायची आम्हा सगळ्यांना सवय, त्यात माझं खपून गेलं. आईला अजून सांगितलेलं नाही. तुझं उत्तर पत्रानेच पाठव, जरा मोठ्या अक्षरात. कंप्रेसर मी वर्षभर हात लावून ओळखतोय. डॉक्टरांनी तपासलं, डावा कान पूर्ण गेलाय, उजवा निम्मा. शुक्रवारी तू काय विचारलंस, ते मला ऐकूच आलं नव्हतं.

तुझाच,
बाबा