हिरवं लुगडं

आई, तुझं हिरवं लुगडं परवा मी पेटीतून काढलं. आधी तुला विचारायला हवं होतं.

तुझी नात नगरला कॉलेजात आहे. परीक्षेसाठी तिला पाच मिनिटांचा मारामारीचा सिनेमा करायचा होता. मागं हिरवं कापड लावून त्यापुढं उड्या मारायच्या. मग कॉम्प्युटर तेवढं हिरवं पुसतो आणि तिथं कडा, ढग, आग, हवं ते बसवतो. कापड विकत आणते म्हणाली. मी म्हटलं, घरात नऊवार पडलंय, विकत कशाला? ही काटकसर तुझीच. देवापुढं दिवा लावला, काठ आत दुमडले आणि लुगडं भिंतीला टाचलं.

सिनेमात ती कड्यावरून लोंबकळते आणि तिची आई तिला वर ओढते. कडा म्हणजे आपली बाज, आई म्हणजे मी. झाल्यावर तिनं लॅपटॉपवर दाखवलं. "आई, हात बघ तुझा." पंजा हवेत वेगळाच, मनगटाच्या जागी नुसते ढग. माझ्या बांगड्या हिरव्या, लुगड्याबरोबर त्याही पुसल्या गेल्या होत्या. "काढ त्या, परत घेऊ. नाहीतर मी नापास." दुसऱ्या रंगाच्या घरात नव्हत्या, आणि दुपारच्या एसटीनं तिला निघायचं होतं. मी म्हटलं, धनी समोर बसलेला असताना मोकळे हात करू?

तुझ्या जावयांनी कप खाली ठेवला. "काढ की. तेवढ्यात मी काय मरत न्हाई. आन् मेलोच, तर पोरीला म्हनावं, मलाबी बसव ढगात."

पोरगी हसली. मी मोरीत जाऊन साबण लावून एकेक बांगडी उतरवली, देवापुढं ठेवली, आणि हात बघितले तर ते तुझे होते.

दादा जाऊन, तुझ्या बांगड्या फुटून वर्ष झालेलं. मी सहावीत. शाळा लवकर सुटली म्हणून घरी येते, तर तू आरशापुढं उभी आहेस, हे लुगडं खांद्यावर नुसतं धरून. मी दारातूनच म्हणते, "आई, शोभत नाही तुला. लोक काय म्हणतील?" तू वळत नाहीस. "ऊन दावत व्हते गं. कसर लागंल न्हाईतर." आणि घडी घालतेस. आरशापाशी ऊन येत नव्हतं. त्यानंतर ते पेटीतून कधी निघालं नाही.

सिनेमा झाला. मोकळ्या हातानं मी तिला वर ओढते. मागं लुगडं कुठंच दिसत नाही, आभाळ दिसतं. ती एसटीत बसली, मी बांगड्या परत चढवल्या. लुगडं अजून भिंतीवरच आहे, काढवत नाही.

हा कागद कुठं पाठवणार? पण एक सांगायचं राहिलं होतं. तुला ते शोभत होतं, आई. मला दारातूनच दिसलं होतं.