घरच्यांनी आणि पाहुण्यांनी खेळायचे खेळ

बाबा,

आमच्या ऑफिसात पुढच्या आठवड्यात अमेरिकेतले साहेब लोक बायकामुलांसकट येणार आहेत, आणि नेमका तेव्हाच त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण आहे. त्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून एक दुपार खेळ ठेवायचं ठरलं आणि वयाने मोठी म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना जमतील असे खेळ सुचवा, म्हणाले. मी बसल्या जागी सांगून टाकले. कागदावर हाताचा पंजा काढून त्याचा टर्की पक्षी करायचा, लिंबू-चमचा, पाय बांधून पळायचं, भोपळा उचलून वजन ओळखायचं. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही अमेरिकेत होतात का?" मी म्हटलं, नाही, लहानपणी मस्कतला होते. ती गोंधळली. घरी आले, जेवण केलं, ओटा पुसला, आणि मग हा कागद घेऊन बसले.

तुम्हाला आठवत असेल तो गुरुवार? कुवेतवर इराकने चढाई केली त्या वर्षीचा. मी पाचवीत होते आणि धाकटा भाऊ अजून बालवाडीत. आमची शाळा मस्कतच्या अल् घुब्रा भागात म्हणून आई आणि आम्ही तिथल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि तुम्ही दोन-अडीच तासांवरच्या खाबुऱ्याच्या शेतांवर पाण्याचे पंप दुरुस्त करत तिकडेच एका खोलीत. बुधवारी संध्याकाळी खाली पिकअपचा हॉर्न वाजला की आई कुकर लावायची. तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची, तेवढेच दोन दिवस तुम्ही आमचे. त्यातला अर्धा वेळ तुम्ही झोपायचात आणि अर्धा वेळ रेडिओला कान लावून बसायचात. त्या दिवसांत तर रेडिओ बंदच होत नव्हता. बिल्डिंगमधली दोन घरं गावी निघून गेली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आईला म्हणाल्या होत्या, "आमचे हे म्हणतात, वेळेवर गेलेलं बरं." आई वर येऊन तुम्हाला म्हणाली, "कुवेत कुठे आणि मस्कत कुठे. मी काही हलायची नाही इथून." तुम्ही रेडिओचा आवाज थोडा वाढवलात.

आणि त्या आठवड्यात तुम्ही आलात ते निमंत्रण घेऊनच. शेतातलं पाणी खारट का होतंय हे बघायला एक अमेरिकन आला होता, त्याचा हाच थँक्सगिव्हिंगचा सण होता. तुम्ही त्याचे पंप सांभाळायचात. तो म्हणाला होता, फॅमिली घेऊन ये, खूप लोक येणार आहेत, पोरांसाठी खेळ आहेत. मला राग आला होता, कारण तुमच्या दोन दिवसांतला एक त्याला जाणार होता. आईचा तर मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. तिने पहाटे उठून कलश मांडला, कहाणी वाचली आणि उपाशीपोटी पिकअपमध्ये बसली. "संध्याकाळच्या आरतीला घरी यायला हवं," एवढंच तिचं म्हणणं. तुम्ही "हो" म्हणालात.

खाबुऱ्यातल्या त्याच्या बंगल्याचं फाटक उघडंच होतं. आंब्याच्या झाडाखाली खुर्च्या मांडलेल्या, लांबच लांब टेबल, त्यावर कागदी ताटल्यांची चळत, आणि माणूस एकही नाही. तो अमेरिकन आतून हात पुसत आला. उंच, उन्हाने लाल झालेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. तुम्ही दोघं एकमेकांशी जी भाषा बोलायचात ती आम्ही पहिल्यांदा ऐकली. थोडं इंग्रजी, थोडं अरबी, बाकी हात. मस्कतहून येणाऱ्या लोकांचे सकाळपासून फोन येत होते, कोणी ऑफिसात अडकलं, कोणाला एवढ्या लांब गाडी काढायची भीती वाटत होती, बरेचसे तर देश सोडूनच गेले होते. त्याची स्वतःची बायको आणि दोन मुली उन्हाळा संपताना परत गेल्या होत्या. दर वर्षी खेळ ती घ्यायची, तो म्हणाला. या वर्षी मी.

मी तुमची बाही ओढून मराठीत म्हटलं, "बाबा, कोणीच नाहीये. आपण जाऊ या ना घरी." तुम्ही खाली वाकून, चेहऱ्यावरचं हसू न मोडता म्हणालात, "बाय, मांडलेल्या ताटाकडे पाठ करून जायचं नसतं. आता जे तो सांगेल ते सगळं खेळायचं. तोंड पाडायचं नाही."

आणि मग तुम्ही खेळलात. घरी माझ्याशी कधी पत्ते न खेळलेले तुम्ही. मोठ्या पांढऱ्या कागदावर त्याने आधी स्वतःचा पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, अंगठ्याला चोच आणि डोळा काढला, बोटांची पिसं केली. मग धाकट्याचा पंजा, माझा, आईचा. आईने बांगड्या वर सारल्या आणि हात ठेवला. तुम्ही आधी नाही म्हणालात, हाताच्या रेषांमध्ये ग्रीस बसलेलं होतं म्हणून. मग ठेवलात. तो म्हणाला, "बिग बर्ड," आणि तुम्ही हसलात. लिंबू-चमच्यासाठी त्याने बागेतलीच लिंबं आणली आणि नियम समजावून सांगायला लागला. आई मला हळूच म्हणाली, "हे आमच्या शाळेत होतं की." साडीचा पदर खोचून ती अशी चालली की पहिली आली. भोपळ्याचं वजन ओळखायला तुम्ही तो खांद्यावर घेतलात, पंपाची मोटर घ्यावी तसा. आणि पायाला पाय बांधून कुंपणापर्यंत पळताना तो धाकट्याला घेऊन, मी तुमच्याबरोबर. त्याने "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, म्हटलं आणि आपण निघालो. तुमचा हात माझ्या खांद्यावर घट्ट होता. तुम्ही मोजत होतात, "डावा, उजवा, डावा," आणि मला वाटत होतं, हे कुंपण अजून लांब असायला हवं होतं.

कोणाला दुरून दिसलं असतं तर मजेची दुपार वाटली असती. पण टेबलाच्या त्या रिकाम्या खुर्च्या वाऱ्याने मधूनच पडत आणि तो उठून त्या पुन्हा सरळ करत असे. त्या अख्ख्या टर्कीला आम्ही पुरणार नव्हतो. आई जेवणार नाही हे तुम्ही त्याला सांगितलंत, "टुडे नो फूड, गॉड," तेव्हा त्याचा चेहरा एकदम उतरला. मग आईला भाजलेली रताळी दिसली. "रताळं चालतं उपासाला, सांगा त्यांना," ती म्हणाली, आणि दोन खाल्ली. तुम्ही मात्र गुरुवार असून मांस खाल्लंत, आणि पुन्हा मागून घेतलंत. आईने ते पाहिलं.

शेवटचा खेळ जेवणाच्या टेबलावरच होता. त्याने प्रत्येकासमोर मक्याचे थोडे दाणे ठेवले आणि मधोमध एक रिकामा वाडगा. एक दाणा टाकायचा आणि आपण कशासाठी आभारी आहोत ते सांगायचं. त्याने पहिला दाणा टाकला. म्हणाला, माझी माणसं सुखरूप आहेत यासाठी. लांब आहेत, पण सुखरूप. मग वाडगा तुमच्याकडे सरकवला. तुम्ही इंग्रजी शब्द शोधत बसलात, तेव्हा तो म्हणाला, तुझ्या भाषेत बोल, मला नाही कळलं तरी चालेल.

तुम्ही दाणा बोटांत फिरवत होतात. मग वाडग्याकडे बघत म्हणालात, "आजवर तुम्ही तिघं माझ्याजवळ राहिलात, हे देवाचे उपकार. पुढल्या महिन्यात तुम्हाला गावी पाठवतोय. तिकिटं सांगून ठेवलीत."

दाणा वाडग्यात पडला. त्या माणसाने टाळ्या वाजवल्या. धाकट्यानेही वाजवल्या, तो वाजवतोय म्हणून. मी आईकडे बघते आहे. तिच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसमोरचं हसू तसंच आहे, कारण तो तिच्याकडेच बघतो आहे आणि वाडगा आता तिच्यापुढे आला आहे. तिने एक दाणा उचलला. आवाज न चढवता, त्याच हसऱ्या तोंडाने ती म्हणाली, "मला विचारायचंत तरी."

त्यालाही त्याने टाळ्या वाजवल्या. "गुड वर्ड्स?" त्याने तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "गुड. व्हेरी गुड."

परतीच्या वाटेवरच अंधार पडला. धाकटा झोपला होता. कुठल्याशा चौकाच्या पुढे का मागे, आठवत नाही, आई म्हणाली, "त्या माणसाकडे बघितलंत ना आज? रिकाम्या खुर्च्या उचलत होता. तेच व्हायचंय तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "त्याची पोरं तिकडे निवांत झोपतात." ती म्हणाली, "आणि तो?" तुम्ही पुढच्या गाडीचे दिवे बघत राहिलात. आरतीची वेळ रस्त्यातच टळली. घरी येऊन तिने उशिरा दिवा लावला, आणि आरती मनातल्या मनात म्हटली.

आम्ही गेलो. मस्कतच्या सीब विमानतळावर तुम्ही काचेपलीकडे उभे होतात आणि तुम्हाला आमच्यातलं कोण नक्की दिसत होतं ते मला कळत नव्हतं. तुम्ही हात हलवत होतात दुसऱ्याच कुटुंबाकडे. उन्हाळ्याच्या आत लढाई संपली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मस्कतला परत गेल्या. त्या अमेरिकनाची बायको आणि मुलीही परत आल्या, हे तुम्हीच पहिल्या सुट्टीत सांगितलंत. आम्हाला तुम्ही म्हणालात, पुढच्या जूनला, शाळा सुरू होताना. मग कंपनी बदलली आणि नव्या कंपनीत फॅमिली व्हिसा बसत नव्हता. मग माझी दहावी. मग घराचा स्लॅब. जून येत राहिला. आईने विचारणं कधी सोडलं ते मला सांगता येणार नाही, पण एका वर्षी ती म्हणाली, "आता इथेच बरं आहे," आणि तुम्ही मान हलवलीत.

नंतर तुम्ही वर्षाआड यायचात आणि आम्ही तुमच्यासाठी नवा साबण काढायचो, चांगला टॉवेल, स्टीलचं मोठं ताट. तुम्ही विचारून पाणी घ्यायचात. भाऊ तुमच्यासमोर पाय खाली सोडून नीट बसायचा. संध्याकाळी सगळे ओटीवर बसलो की तुम्ही म्हणायचात, "मग, अभ्यास काय म्हणतो?" मी नोकरीला लागले तरी तुम्ही तेच विचारायचात. एकदा माझ्या मनात आलं होतं की पत्ते काढावेत. काढले नाहीत.

माझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी खाबुऱ्यातून फोन आला. सकाळी पंपावर बसल्या बसल्या गेलात, असं तुमच्याबरोबरच्या रत्नागिरीच्या चाचांनी सांगितलं. "तकलीफ हुई नहीं," म्हणत होते, "बिलकुल नहीं हुई." मुंबईला पेटी आली. आई विमानतळावर आली नाही. घरी आणल्यावर तिने तुमच्या हाताकडे बघितलं आणि ओल्या फडक्याने बोटं पुसायला लागली. कोणीतरी तिला थांबवायला गेलं, मी थांबवू दिलं नाही.

पुढच्या आठवड्यातली दुपार ऑफिसात होईल. मी लिंबं आणि भोपळा मागवला आहे. दाण्यांचा खेळ मी त्यांना सांगितलेला नाही, ती दुपार त्याच्याशिवायही सरेल.

हे आईला दाखवणार नाही. ती आता त्या दिवसाबद्दल बोलताना फक्त रताळ्यांचं सांगते, आणि ते मला मोडायचं नाही. धाकट्याला ती दुपार आठवत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. ती लढाई मस्कतपर्यंत यायला हवी होती, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. एखादा तरी बाँब आमच्या त्या बिल्डिंगवर पडायला हवा होता, म्हणजे तुम्ही आम्हाला पाठवलंत ते बरोबर ठरलं असतं.